भयपटांचे सिंथेसायझर-संगीत आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत : मुंबईचा स्टुडिओ, जत्रेतील तंबू आणि वरात

प्रस्तावना

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास लिहिताना पाश्चात्त्य अभ्यासक १९७० व १९८० च्या दशकांतील भयपटांच्या सिंथेसायझर-संगीताला एक महत्त्वाचे उगमस्थान मानतात. अमेरिकेत जॉन कारपेंटर आणि इटलीत ‘गॉब्लिन’ हा वाद्यवृंद यांनी अल्प साधनांत निर्माण केलेले भयाचे नाद पुढे नृत्यगृहांतील संगीतात कसे उतरले, याची मांडणी बऱ्याच प्रमाणात झालेली आहे. त्या मानाने भारतीय, विशेषतः मुंबईत निर्माण झालेल्या भयपटांच्या संगीताची चर्चा रंजक आठवणींच्या पातळीवरच राहिली. रामसे बंधूंचे चित्रपट म्हणजे स्वस्त मुखवटे, धुके आणि करकरणारे दरवाजे, असे समीकरण रूढ झाल्यामुळे त्या दरवाजामागे वाजणारे वाद्य कोणते, ते कोणी वाजविले आणि त्या नादाचे पुढे काय झाले, हे प्रश्न फारसे विचारले गेले नाहीत.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. मात्र ‘प्रभाव’ हा शब्द येथे जपून वापरणे आवश्यक आहे. एका कलाकृतीनंतर दुसरी आली म्हणून पहिलीचा दुसरीवर प्रभाव पडला असे सिद्ध होत नाही. कधी नादाचा तुकडा थेट उचललेला असतो, कधी दोन्ही प्रकारचे संगीत एकाच हातून आलेले असते, तर कधी दोन अनोळखी माणसे एकाच यंत्राशी झगडत सारख्याच जागी पोहोचतात. या तिन्ही गोष्टींना सरसकट ‘प्रभाव’ म्हटल्याने इतिहास सोपा होतो, पण खरा राहत नाही.

विद्युत-स्वर आणि अमानुषाची चाहूल

विजेवर चालणाऱ्या वाद्याचा उपयोग चित्रपटात प्रथमतः अस्वाभाविक मनःस्थिती दाखविण्यासाठी झाला, ही बाब लक्षणीय आहे. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’ (१९४५) मध्ये मिक्लोश रोझा यांनी थेरेमिन या वाद्याचा वापर नायकाच्या मानसिक विकृतीसाठी केला. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) चे लुई आणि बेबे बॅरन यांनी रचलेले संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगीत परग्रहासाठी होते. ‘द बर्ड्‌स’ (१९६३) मधील पक्ष्यांचे आवाज ऑस्कर साला यांच्या ट्राउटोनियम या वाद्यातून निघाले. या नादाला ओळखीचे शरीर नव्हते. बासरी ऐकताना फुंकर जाणवते, सारंगी ऐकताना गज जाणवतो. थेरेमिन ऐकताना मात्र वाजविणारा कोण आणि कशाने वाजवितो याचा श्रोत्याला अंदाज येत नसे. भय निर्माण होण्यास एवढे पुरेसे होते.

हिंदी चित्रपटात हे वळण कोठे आले? भयरसाच्या दृष्टीने ‘महल’ (१९४९) हा आरंभीचा टप्पा मानला जातो. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतात लता मंगेशकर यांनी गायिलेल्या त्यातील गाजलेल्या गीताच्या वेळी आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून गायिका मायक्रोफोनपासून दूर उभी राहून गात गात जवळ आली, अशी आठवण स्वतः लताबाईंनी सांगितलेली आहे. येथे भयाचे साधन अंतर हे होते. ‘बीस साल बाद’ (१९६२, संगीत हेमंतकुमार) आणि ‘वह कौन थी’ (१९६४, संगीत मदनमोहन) या चित्रपटांतही गूढतेचा भार मुख्यतः स्त्री-स्वरावर आणि वाद्यमेळावर होता.

विद्युत-वाद्याच्या दृष्टीने खरे वळण यांच्या मधल्या काळात, १९५४ च्या ‘नागिन’ या चित्रपटात येऊन गेले होते. हेमंतकुमारांच्या संगीतातील जी बीन देशभर गाजली ती बीन नव्हतीच. क्लॅव्हिओलिन या विद्युत-वाद्यावर कल्याणजी वीरजी शहा यांनी आणि हार्मोनियमवर हेमंतकुमारांचे सहायक रवी यांनी मिळून तो नाद निर्माण केला होता. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये तयार केलेले क्लॅव्हिओलिन हे एका वेळी एकच स्वर देणारे, व्हॉल्व्हवर चालणारे छोटे कळफलकाचे वाद्य होय. एकच स्वर निघतो ही त्याची मर्यादा. पण पुंगीची चालही एकेरीच असल्यामुळे ती मर्यादा येथे गुण ठरली. स्वराला कंप देण्याची सोय त्यात असल्याने पुंगीतील लाटेसारखा हेलकावा साधता आला, आणि पुंगीत फुंकणाऱ्याची जी धाप असते ती यंत्रामुळे नाहीशी झाली. पुढे १९६२ मध्ये लंडनच्या जो मीक यांनी याच वाद्याच्या साहाय्याने ‘टेलस्टार’ ही उपग्रहाच्या नावाची ध्वनिमुद्रिका केली. लंडनमध्ये हे वाद्य अंतराळात गेले आणि मुंबईत वारुळात शिरले, असे म्हणण्यास हरकत नाही.

नाग हा दक्षिण महाराष्ट्राला परका विषय नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथील नागपंचमी सर्वश्रुत आहे. जिवंत नागांच्या मिरवणुकीवर कायद्याने निर्बंध आल्यानंतरही तेथील श्रद्धेचे स्वरूप टिकून आहे. नाग पुंगीच्या सुरावर डोलतो ही समजूत मात्र बरोबर नाही. तो गारुड्याच्या हातातील पुंगीच्या हालचालीला प्रतिसाद देतो. म्हणजे ‘नागिन’च्या त्या सुरावर नाग कधी डोलला नाही. डोलली ती माणसे. या सुराचा पुढील प्रवास लेखाच्या उत्तरार्धात पाहावयाचा आहे.

महाबळेश्वरचे विश्रामगृह आणि अल्प खर्चाचा नाद

फत्तेचंद यू. रामसे हे फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेले रेडिओचे व्यापारी. त्यांच्या सात मुलांनी चित्रपटनिर्मितीची कामे आपापसांत वाटून घेतली होती. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करीत, गंगू छायाचित्रण पाहत, कुमार पटकथा लिहीत, अर्जुन संकलन करीत, किरण यांच्याकडे ध्वनीचे काम असे, तर केशू छायाचित्रण व निर्मितीत असत. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा चित्रपट चालला नाही. मात्र त्यातील मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तो प्रसंग प्रेक्षकांना आवडला, असे तुलसी व श्याम यांच्या लक्षात आले. त्यातून ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) हा भयपट आकारास आला. त्याचे चित्रीकरण सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथील शासकीय विश्रामगृहात झाले आणि सर्व कुटुंब व मोजके कलावंत बसने तेथे गेले. एकूण खर्च सुमारे साडेतीन लाख रुपये आल्याचे रामसे बंधू सांगत असत. त्या काळातील मोठ्या हिंदी चित्रपटाच्या तुलनेत ही रक्कम अगदीच किरकोळ होती.

या चित्रपटाचे आणि पुढे ‘दरवाज़ा’ (१९७८) चे संगीत सपन-जगमोहन यांनी दिले. ‘गेस्ट हाउस’ (१९८०), ‘दहशत’ (१९८१), ‘सामरी’ (१९८५) आणि ‘वीराना’ (१९८८) यांना बप्पी लाहिरी यांचे, तर ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘तहखाना’ (१९८६) आणि ‘पुरानी हवेली’ (१९८९) यांना अजित सिंग यांचे संगीत होते. ‘बंद दरवाज़ा’ (१९९०) साठी आनंद-मिलिंद आले. वाद्यवृंदाचा वापर हळूहळू आटत जाऊन कळफलकाचे प्रमाण वाढत गेलेले हे चित्रपट क्रमाने ऐकल्यास स्पष्टपणे जाणवते.

याचे कारण प्रामुख्याने आर्थिक आहे. त्या काळी मुंबईत पार्श्वसंगीतासाठी व्हायोलिनवादकांचा मोठा ताफा बसवावा लागे आणि प्रत्येकाचे मानधन पाळीवर ठरे. भयपटात दीर्घकाळ चालणाऱ्या ताणाच्या जागा फार असतात. नायिका जिना उतरते, दरवाजा उघडते, मागे वळून पाहते, पुन्हा चालू लागते. अशा तीन-चार मिनिटांसाठी वीस व्हायोलिनवाद्यांना एकच स्वर धरून ठेवावयास सांगणे निर्मात्याला परवडणारे नव्हते. सिंथेसायझरवर हीच गोष्ट एका बोटाने होते. स्वर लावून कळ दाबून ठेवली की तो थकत नाही, श्वास घेत नाही, गज उलटा फिरवीत नाही. गाळणीची कळ सावकाश फिरविली की तोच स्वर मंद अंधारातून उजेडात आल्यासारखा वाटतो. शुभ्र रव म्हणून ओळखला जाणारा ‘हिस्स’ असा आवाज गाळून घेतला की वारा तयार होतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय वापरली की कुत्र्याचे रडणे साधते. दोन स्वरजनक किंचित बेसूर ठेवले की त्यांच्यातून एक संथ थरथर निघते, आणि ती ऐकताना पोटात कालवते.

या ठिकाणी एक तुलना उपयुक्त ठरेल. सांगली जिल्ह्यातीलच मिरज हे तंबोऱ्यांचे गाव. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा अखंड स्वर ऐकताना मन शांत होते, मग सिंथेसायझरच्या अखंड स्वराने ते अस्वस्थ का व्हावे? तंबोऱ्यात प्रत्येक तार छेडली जाते, विरते आणि पुन्हा छेडली जाते. त्या अखंडतेच्या आत माणसाच्या बोटाची लय असते. शिवाय तो स्वर पुढे येणाऱ्या गाण्याचे आश्वासन देतो. भयपटातील स्वराला छेड नाही, लय नाही आणि पुढे काय येणार हे ठाऊक नाही. त्यामुळे दोष यंत्राच्या अंगी आहे असे म्हणता येत नाही. बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार केला आणि तो आज घरोघरी रियाजासाठी लावला जातो. त्याला कोणी घाबरत नाही. भय हे नादाच्या मांडणीत असते.

हे वाद्य मुंबईत आणण्याचे श्रेय मुख्यतः वादकांकडे जाते. तालवादक कावस लॉर्ड यांचे पुत्र केरसी लॉर्ड यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मिनीमूग हे वाद्य आणून चित्रपटसंगीतात रुजविले. आयातीवरील निर्बंध आणि जकात यांमुळे अशी वाद्ये बहुधा परदेश दौऱ्यावरून स्वतःच्या पैशाने आणावी लागत. ज्याच्याकडे यंत्र, त्याला काम, अशी स्थिती होती. त्याचबरोबर एका यंत्राने अनेकांचे काम जाईल ही वादकांमधील भीती निराधार नव्हती. मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांच्या मुलाखतींवर आधारित ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात ग्रेगरी बूथ यांनी दाखविल्याप्रमाणे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठ्या वाद्यवृंदाची ही जुनी व्यवस्था मोडीत निघाली. तिला लागलेली पहिली तडे भयपटासारख्या कमी प्रतिष्ठेच्या, कमी खर्चाच्या चित्रपटांत शोधली पाहिजेत. तेथे व्हायोलिने बसली नाहीत तरी तक्रार करणारे कोणी नव्हते.

एकाच हातचे भय आणि नृत्य

पाश्चात्त्य मांडणीत भयपट आधी आणि नृत्यसंगीत नंतर असा क्रम गृहीत धरलेला दिसतो. काही उदाहरणांत तो खरा आहे. कारपेंटर यांच्या ‘असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट १३’ (१९७६) या चित्रपटातील मूळ धून ब्रिटनमधील ‘बॉम्ब द बेस’ ने १९८८ मध्ये आपल्या नृत्यगीतासाठी वापरली. ‘हॅलोवीन’ (१९७८) चे संगीत त्यांनी अवघ्या तीन दिवसांत केले होते आणि त्यातील पाच मात्रांची चाल वडिलांनी शिकविलेल्या बाँगोच्या तालावरून सुचली, असे ते सांगत. ‘टेनेब्रे’ (१९८२) या इटालियन चित्रपटातील शीर्षकसंगीताचा तुकडा फ्रेंच जोडी ‘जस्टिस’ ने २००७ मध्ये घेतला. हा थेट प्रभाव होय. तो कानाने ऐकून सिद्ध करता येतो.

परंतु ‘टेनेब्रे’चे संगीतकार क्लाउदिओ सिमोनेत्ती यांच्याकडे नीट पाहिले तर हा क्रम डळमळतो. ‘गॉब्लिन’सोबत ‘सुस्पीरिया’ (१९७७) चे भयसंगीत करणारे सिमोनेत्ती १९७८ पासून ‘ईझी गोइंग’ आणि पुढे ‘कासो’ या नावांखाली डिस्को संगीतही करीत होते. त्यामुळे ‘टेनेब्रे’चे भयसंगीत मुळातच डिस्कोच्या ठेक्यावर चालते. (‘सुस्पीरिया’त तबला आहे हेही जाता जाता नोंदविण्यासारखे आहे, मुंबईत भयासाठी पश्चिमेकडचे यंत्र आणि रोममध्ये भयासाठी पूर्वेकडचे वाद्य. परके ते भीतिदायक हा नियम दोन्हीकडे सारखाच.) नृत्यगृहाने भयपटाकडून काही घेण्यापूर्वी भयपटाने नृत्यगृहाकडून घेतलेले होते.

मुंबईत हीच गोष्ट अधिक ठळक आहे. ‘सुरक्षा’ (१९७९) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) यांच्या मधोमध बप्पी लाहिरी यांनी ‘गेस्ट हाउस’ आणि ‘दहशत’ केले. स्टुडिओ तेच, वादकांचे वर्तुळ तेच आणि यंत्रेही त्याच प्रकारची. सकाळच्या पाळीत ज्या खर्जावर पाय थिरकावेत असा ठेका बसविला, त्याच खर्जाचा वेग उतरविला की स्मशान उभे राहते. रामसेपटांत कबरीच्या प्रसंगानंतर लगेच क्लबमधील गाणे येते, याची चित्रपटसमीक्षकांनी नेहमी टिंगल केली आहे. संगीताच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र ही लागण मोलाची आहे, कारण एकाच चित्रपटात, एकाच संगीतकाराने, जवळपास एकाच साधनाने भय आणि नृत्य शेजारी-शेजारी ठेवलेले तेथे ऐकावयास मिळते. येथे प्रभाव कोणाचा कोणावर, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

मराठी चित्रपट या प्रवाहात उशिरा आणि वेगळ्या वाटेने आला. वसंत जोगळेकर दिग्दर्शित ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) या गूढपटात हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लोकगीताच्या अंगाने जाते आणि यंत्रावर अवलंबून राहत नाही. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) पर्यंत चित्र पालटले होते. मुंबईत संगीत संयोजक म्हणून दीर्घ अनुभव असलेल्या अनिल मोहिले यांनी त्याचे संगीत केले. त्यातील बाहुल्याचे भय हास्यात मिसळलेले आहे, हे मराठी रुचीला धरून झाले.

चरणजित सिंग : प्रभावाविना साम्य

भारतीय इलेक्ट्रॉनिक संगीताचा विषय निघाला की चरणजित सिंग यांचे नाव हटकून येते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गिटार व बेस गिटार वाजविणाऱ्या या कलावंताने १९८२ मध्ये एच.एम.व्ही.साठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज् टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका केली. रोलँड कंपनीची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे जोडून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले. मुद्रिका त्या वेळी विशेष चालली नाही. एदो बाउमन या डच संग्राहकाने २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित केल्यावर मात्र खळबळ उडाली, कारण शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाने १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या मुद्रिकेने ज्या नृत्यसंगीताची सुरुवात केली, त्याच्याशी हा नाद विलक्षण जुळत होता. दोन्हीकडे टीबी-३०३ हेच यंत्र होते.

त्यावरून ‘ॲसिड हाउसचा शोध मुंबईत लागला’ असे विधान वारंवार केले जाते. स्वाभिमानाला ते सुखावह असले तरी इतिहास म्हणून स्वीकारण्यासारखे नाही. शिकागोतील तरुणांनी ही मुद्रिका ऐकली होती असा कोणताही पुरावा नाही. टीबी-३०३ हे यंत्र मुळात गिटारवादकाला सरावासाठी बेसची साथ देण्याकरिता बनविलेले; त्यात स्वर एकेक भरावे लागत आणि ते एका वर्तुळात फिरत. रागाची आरोही-अवरोही सुरावट अशा वर्तुळात घातली की ती खर्जात वळवळू लागते. शिकागोत त्याच वर्तुळात गाळणीची कळ फिरविली गेली. यंत्राने दोघांनाही एकाच दिशेला ढकलले. सिंग यांचे मोठेपण ‘पहिले’ असण्यात शोधण्याऐवजी, चित्रपटातील पार्श्वसंगीताच्या सरावातून आलेल्या वादकाने रागाची अखंडता आणि यंत्राची अखंडता यांचे नाते ओळखले यात शोधणे अधिक न्याय्य ठरेल. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यापूर्वीची काही वर्षे त्यांना युरोपात श्रोते लाभले, एवढे समाधान.

याच्याही आधी, १९६९ मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थानात डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसविण्यात आला होता आणि गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर प्रयोग केले होते. त्या फिती २०२३ मध्ये प्रकाशित झाल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीशी या प्रयोगांचा संबंध आलेला दिसत नाही. एकाच देशात, फार तर एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर, दोन इलेक्ट्रॉनिक संगीते एकमेकांना न भेटता राहिली.

तंबू, कर्णा आणि वरात

रामसेपटांचा खरा प्रेक्षक मुंबईच्या मोठ्या चित्रपटगृहांत नव्हता. तो जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत होता. जत, आटपाडी, कवठे महांकाळ अशा दुष्काळी पट्ट्यात पक्की चित्रपटगृहे मोजकीच असल्यामुळे जत्रेच्या दिवसांत उभा राहणारा तंबू हेच अनेकांचे चित्रपटगृह होते. पश्चिम महाराष्ट्रातील अशा फिरत्या चित्रपटगृहांचा अस्तकाळ शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात नोंदविला गेला आहे. जतच्या सीमेवरील मराठी-कन्नड द्विभाषिक प्रेक्षकाच्या बाबतीत भयपटाचा एक वेगळा फायदा होता. किंकाळीला भाषा लागत नाही.

तंबूतील ध्वनियंत्रणेचा विचार केल्याशिवाय या संगीताचा परिणाम समजणार नाही. पडद्यामागे किंवा खांबावर बांधलेला लोखंडी कर्णा हा मधल्या व वरच्या पट्टीतील आवाज जोरात फेकतो. खर्ज त्यातून जवळजवळ उमटत नाही. त्यामुळे मुंबईच्या स्टुडिओत काळजीपूर्वक बसविलेली मंद, खोल थरथर तंबूत पोहोचतच नसे. पोहोचत असे ते वाऱ्याचे सूं सूं, दरवाजाची करकर, यंत्रावरून घसरत वर जाणारा स्वर आणि किंकाळी. भयसंगीताचा जो अर्धा भाग ग्रामीण प्रेक्षकाच्या कानात राहिला तो हा तीक्ष्ण अर्धा होता. १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ आणि १९९५ पासून ‘आहट’ ही मालिका दूरचित्रवाणीच्या लहान स्पीकरमधून घरात आली, तेव्हाही खर्ज गळालेलाच होता.

वरच्या पट्टीतील हा नाद पुढे कोठे गेला याचे उत्तर सांगली-सातारा-कोल्हापूर भागातील वरातीत सापडते. ‘नागिन’ची ती चाल पितळी बँडमधील क्लॅरिओनेटवाल्यांनी केव्हाच उचलली होती. त्यानंतर बँजो पार्टीचे युग आले. बँजो म्हणून ओळखले जाणारे हे वाद्य वास्तविक जपानमधील ताइशोगोतो या १९१२ च्या वाद्याचे वंशज. त्यावर विजेची ध्वनिग्राही पट्टी बसवून कर्ण्यातून वाजविले की त्याचा आवाज कोणत्याही सिंथेसायझरइतका टोकदार होतो. त्याच्या जोडीला ‘कॅसिओ’ आला. हे मुळात एका कंपनीचे नाव, पण खेड्यात कोणताही कळफलक म्हणजे कॅसिओच. १९८५ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्टापॅडने ढोल-ताशाच्या बरोबरीने बॉम्बस्फोट आणि काच फुटण्याचे आवाजही वरातीत आणले.

या साखळीचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. गारुड्याच्या पुंगीची नक्कल क्लॅव्हिओलिनने केली, क्लॅव्हिओलिनची नक्कल क्लॅरिओनेटने केली, क्लॅरिओनेटची बँजोने आणि सर्वांची मिळून कॅसिओने. शेवटच्या टप्प्यावर तो पुन्हा विद्युत-स्वर झाला. दरम्यान नाग भयावह राहिला नाही. तोंडात रुमालाचे टोक धरून एकाने गारुडी व्हावे आणि दुसऱ्याने धुळीत लोळत नाग व्हावे, हा नवरदेवाच्या मित्रांचा हक्काचा खेळ झाला. ध्वनिमुद्रित भयाचे नृत्यसंगीतात रूपांतर झाल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक उदाहरण हेच होय, आणि त्यासाठी शिकागो किंवा लंडनकडे पाहण्याची आवश्यकता नाही. अभ्यासकांनी ते दुर्लक्षिले याचे कारण त्याची मुद्रिका निघाली नाही आणि ते नाचणाऱ्यांना आपण इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचतो आहोत असे कोणी सांगितले नाही.

२००० नंतर मिरवणुकांत ‘डॉल्बी’ आली. या भागात हा शब्द कंपनीचा न राहता स्पीकरच्या भिंतीला लागला. कर्ण्यातून जो खर्ज गळत होता तो आता अतिरेकाने परत आला. खिडक्यांची तावदाने आणि छाती एकाच वेळी हादरू लागली. डीजेच्या मिश्रणांत ठेका सुरू होण्यापूर्वी राक्षसी हास्य, भोंगा आणि घसरत जाणारा स्वर यांची योजना असते. जमावाला थांबवून, दबवून मग सोडण्याची ही युक्ती भयपटाचीच आहे. ध्वनिप्रदूषणाचा प्रश्न येथे गंभीर आहे आणि २००० च्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकांवर घातलेली बंदी योग्यच म्हटली पाहिजे. तरीही या नादाची केवळ उपद्रव म्हणून बोळवण केल्यास त्याचा इतिहास हातचा जातो.

श्रेयनामावली आणि ध्वनिपट्टी

ब्रिटनमधील ‘फाइंडर्स कीपर्स’ या संस्थेने २०११ मध्ये ‘बॉलीवूड ब्लडबाथ’ हा हिंदी भयपटांच्या संगीताचा संग्रह प्रकाशित केला. त्यामुळे हे संगीत परदेशातील संग्राहक आणि डीजे यांच्यापर्यंत पोहोचले. मुंबईतील श्रोत्याने जे हसण्यावारी नेले ते मँचेस्टरच्या संग्राहकाने गंभीरपणे ऐकले, ही वस्तुस्थिती आहे. मात्र त्यामुळे एक अडचण अधिक स्पष्ट झाली. हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रिकांवर गाणी येत; पार्श्वसंगीत क्वचितच येई. श्रेयनामावलीत संगीतकाराचे आणि फार तर सहायकाचे नाव असे. सिंथेसायझर कोणी वाजविला हे नसे. जिन्यावरील चार मिनिटांचे भय ज्याच्या बोटाखाली घडले त्याचा उल्लेख कोठेही सापडत नाही, आणि ज्यांना तो सांगता आला असता ते एकेक करून गेले. चरणजित सिंग २०१५ मध्ये, केरसी लॉर्ड २०१६ मध्ये, तुलसी रामसे २०१८ मध्ये, श्याम रामसे २०१९ मध्ये आणि बप्पी लाहिरी २०२२ मध्ये निवर्तले.

अशा स्थितीत शिल्लक राहते ती चित्रपटाची प्रत. तंबूंतून आणि तालुक्याच्या चित्रपटगृहांतून वर्षानुवर्षे फिरलेल्या प्रती ओरखड्यांनी भरलेल्या असतात आणि त्यांचा मोठा भाग भंगारात गेला. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी ज्या प्रती जपल्या जातात त्यांत ‘क’ दर्जाच्या मानल्या गेलेल्या भयपटांना अग्रक्रम मिळणे कठीण असते. शिवाय प्रत हाती आली तरी तिच्या कडेला असलेल्या अरुंद ध्वनिपट्टीवर संवाद, पावलांचा आवाज, किंकाळी आणि सिंथेसायझर हे सारे एकाच रेषेत मुद्रित झालेले असते. स्टुडिओतील मूळ फिती मिळाल्याखेरीज त्या रेषेतून केवळ संगीत निखळपणे बाहेर काढता येत नाही.